रिकामा गाळा आणि गेम सेंटर

संस्थेच्या इमारतीच्या रस्त्याकडील बाजूला जे चार गाळे आहेत, त्यांपैकी झेरॉक्सवाल्यांचा गाळा दिवाळीपासून रिकामा आहे हे आपण सर्वजण जाता-येता पाहतोच. त्या गाळ्यासाठी आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने अर्ज केला आहे. त्याला तेथे व्हिडिओ गेम सेंटर काढायचे आहे. ही बातमी फुटल्यापासून फाटकाजवळ, रिक्षाच्या रांगेत आणि पालक सभेत दुसरा विषय नाही. काही पालकांनी सह्यांचे निवेदन दिले, ‘शाळेच्या भिंतीला लागून जुगाराचा अड्डा नको.’ दुसऱ्या बाजूने माजी विद्यार्थ्यांनी विचारले, ‘आपला मुलगा धंदा करू पाहतो तर आपणच आडवे यायचे का?’ विश्वस्त मंडळातही दोन तट आहेत. तेव्हा या पत्रिकेने गप्प बसणे बरे दिसणार नाही. आम्ही आमचे मत मांडत आहोत. ते सर्वांना पटेलच असे नाही.

प्रथम एक कबुली. आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या वयात असल्या जागा पाहिलेल्या आहेत. कोणी व्हिडिओ पार्लरमध्ये नाणे टाकून काँट्रा खेळले, कोणी २००० नंतरच्या सायबर कॅफेत लाकडी खोपटात बसून काउंटर-स्ट्राइक खेळले. घरी मात्र ‘प्रोजेक्टची माहिती काढायला गेलो होतो’ असे सांगितले. त्यातले काही आज पालक म्हणून निवेदनावर सही करणाऱ्यांत आहेत! यात आम्हाला ढोंग दिसत नाही. तिथे काय चालते हे ज्याला ठाऊक आहे तोच घाबरतो.

पण भीती नेमकी कशाची, हे नीट पाहायला हवे. ‘मुले बिघडतात’ हे फार ढोबळ विधान झाले. आम्ही त्या तरुणाला बोलावून त्याच्याबरोबर वही घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. तो येथे जसाच्या तसा देतो, कारण आमच्या मते खरा प्रश्न त्या हिशेबातच आहे.

त्याला चार यंत्रे लावायची आहेत. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आले तेव्हा डिस्कवाल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. त्यामुळे चार यंत्रांचे दोन लाख धरले. चार मोठे टीव्ही, जास्तीचे कंट्रोलर, खुर्च्या, वायरिंग, एअर कंडिशनर, इन्व्हर्टर आणि गाळ्याची अनामत मिळून एकूण पाच लाख. ताशी दर ६० रुपये. रोज संध्याकाळी सहा ते दहा चारही यंत्रे भरलेली आहेत असे समजू. दिवसाचे ९६० रुपये, सव्वीस दिवसांचे २४,९६०. चार रविवारी आठ-आठ तास धरले तर आणखी ७,६८०. एकूण महिन्याची आवक ३२,६४० रुपये.

आता जावक. गाळ्याचे भाडे बाजारभावाने १२,०००, वीज ५,०००, इंटरनेट १,०००, दुरुस्ती व नवे खेळ ४,०००. कंट्रोलर हा या धंद्यातला झाडूसारखा प्रकार आहे, झिजतोच. त्याची काठी हात न लावता एका बाजूला सरकू लागते आणि गिऱ्हाईक ओरडते. जावक झाली २२,०००. उरले १०,६४०. पाच लाखांचे सामान चार वर्षांत जुने होणार असे धरले तर महिन्याला सुमारे १०,४१७ रुपये त्यासाठी बाजूला काढायला हवेत. हातात काय राहिले? दोनशे तेवीस रुपये. यात त्याचा स्वतःचा पगार नाही. दोघे एका यंत्रावर बसले की थोडे जास्त मिळते, थंड पेये विकता येतात, वाढदिवसाच्या पार्ट्या घेता येतात. पण मूळ चित्र हे असे आहे.

आता पाहा. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा ही यंत्रे मोकळी पडलेली आहेत. त्यातला एकच तास चारही यंत्रांवर भरला, तर महिन्याला ६,२४० रुपये वाढतात. तो तास कोण भरणार? दुपारी मोकळे कोण असते? नोकरी करणारा माणूस नसतो. तास बुडवून आलेला मुलगा असतो. सेंटरचा मालक कितीही सज्जन असो, महिनाअखेरीला भाडे द्यायचे असताना दारात उभ्या असलेल्या गणवेशातल्या मुलाला परत पाठवणे त्याला जड जाते. आधी ‘आज एकच दिवस’ होते, मग मुले दप्तरात टी-शर्ट घेऊन येऊ लागतात, आणि मालक दप्तराकडे बघत नाही. असले सेंटर बिघडते ते या वाटेने. मालकाच्या दुष्टपणाची तेथे गरज पडत नाही.

दुसरी वाट उधारीची. पाचवी-सहावीतल्या मुलाकडे साठ रुपये रोज नसतात. ‘लिहून ठेवा काका’ म्हणतो. वहीत तीनशे झाले की काका तगादा लावतात, आणि मग घरातल्या डब्यातले पैसे जातात. तिसरी वाट ‘हरेल तो दोघांचे देईल’ ही. मुलांना हा न्याय वाटतो. आम्हाला तो जुगाराचा पहिला धडा वाटतो. निवेदन देणाऱ्या पालकांचा ‘जुगार’ हा शब्द इतक्यापुरता बरोबर आहे. एरवी फुटबॉलचा किंवा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ तासाचे पैसे देऊन खेळणे म्हणजे जुगार नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यानेही हाच भेद केला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी, आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता. आपल्याच गुजरातेतल्या भुजच्या तीर्थ मेहताने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक स्वरूपात होते तेव्हा, हर्थस्टोन या खेळात कांस्य मिळवले होते. याचा अर्थ आपल्या चिंटूने अभ्यास सोडून पदकाच्या मागे लागावे असा मुळीच नाही. क्रिकेट खेळणाऱ्या किती मुलांना पदक मिळते हे आपण जाणतोच.

बाहेरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. दक्षिण कोरियात १९९७ च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी ‘पीसी बांग’ म्हणजे संगणकांवर खेळण्याची लहान दुकाने थाटली, आणि ती गल्लोगल्ली पसरली. तेथील सरकारने ती बंद केली नाहीत. रात्री दहानंतर अल्पवयीन मुलांना आत घ्यायचे नाही, असा नियम केला. पुढे २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर घरूनही ऑनलाइन खेळता येऊ नये असा कायदा आणला, तो मात्र दहा वर्षांनी रद्द ठरवला. दुकानाच्या दारावरचा नियम टिकला, घरातला टिकला नाही. पालकांनी यावर विचार करावा. आज गेम सेंटरला विरोध करणाऱ्या घरांतही मुलाच्या हातात मोबाइल आहेच, आणि तिथे दहा वाजता शटर पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत घेतले आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्यातली व्याख्या वाचावी. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळच मोठा होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने चालणे. रविवारी दोन तास मित्रांबरोबर खेळणारा मुलगा यात बसत नाही.

आता ज्या मुद्द्यावर आम्ही कोणतीही तडजोड मानणार नाही, तो. २५ मे २०२४ रोजी, सुट्टीच्या दिवसांतल्या एका शनिवारी, राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि २७ जणांचा जीव गेला. त्यांत मुलेही होती. पत्र्याची शेड, आत वेल्डिंगचे काम चालू, इंधनाचा साठा, आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नाही. त्याच वर्षी १८ जानेवारीला आपल्याच बडोद्यात हरणी तलावात नाव उलटून सहलीला गेलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या होत्या. हे दोन दिवस या गावातल्या कोणत्याही शाळेने विसरायचे नाहीत.

आपला गाळा पक्क्या बांधकामाचा आहे, शेड नाही. पण त्याला एकच शटर आहे. चार यंत्रे, चार टीव्ही, एअर कंडिशनर आणि इन्व्हर्टर एका खोलीत, वर दहा-बारा मुले, आणि बाहेर पडायला एकच वाट. हे चालणार नाही. मागच्या भिंतीत दुसरे दार पाडावे लागेल, ते बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, आणि त्याला सेंटर चालू असताना कुलूप नको. ते दार शाळेच्या मैदानात उघडणार, म्हणून काही विश्वस्त नाखूश आहेत. त्यांची अडचण आम्हाला कळते. मुले मधल्या सुट्टीत त्याच दाराने आत शिरतील अशी भीती खोटी नाही. त्यावर उपाय आतून ढकलल्यावरच उघडणारे दार हा आहे. वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच व्हावे, आणि प्लग जमिनीपासून वर असावेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी गावात शिरले तेव्हा तळमजल्याच्या दुकानांचे काय झाले हे पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको. महानगरपालिका, अग्निशमन दल आणि पोलीस या तिन्ही ठिकाणचे कागद हातात आल्याशिवाय शटर वर जाऊ नये.

एक लहान गोष्ट त्या तरुणालाही सांगितली. घरासाठी विकलेल्या खेळाच्या परवान्यात तो खासगी वापरासाठी आहे असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. धंद्यासाठी कंपनीकडे रीतसर विचारणा करावी. संगणकावरच्या खेळांसाठी ‘स्टीम’ची कॅफेंकरिता वेगळी योजना आहे, तीही पाहावी. चोरीच्या सीडींवर चाललेले कॅफे आम्ही पाहिले आहेत. शाळेच्या गाळ्यात ते नको. तसेच खोक्यावर छापलेला वयाचा आकडा पाळावा. युरोपच्या ‘पेगी’ पद्धतीत फुटबॉलच्या खेळावर ३ असते आणि ‘जीटीए ५’ वर १८. नववीतल्या मुलाने कितीही गयावया केली तरी १८ म्हणजे १८.

आमचे मत असे. गाळा द्यावा, पण भाडे निम्मे करून द्यावे. बारा हजारांऐवजी सहा.

हे वाचून खजिनदार रागावतील! परंतु वर दिलेला हिशेब पुन्हा पाहावा. दुपारच्या एका तासाची कमाई ६,२४० रुपये आहे. संस्था सहा हजार सोडते म्हणजे तो तासच विकत घेते. पूर्ण भाडेही घ्यायचे आणि ‘शाळेच्या वेळेत मुलांना घेऊ नकोस’ असेही सांगायचे, तर आपण त्याला खोटे वागायला भाग पाडतो. भाडे कमी करून करारात स्पष्ट लिहावे: शाळेच्या दिवशी साडेपाचपर्यंत अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही, गणवेश असो वा नसो. सकाळपाळीची मुले दुपारी मोकळी असतात हे खरे, पण त्यांना सूट दिली की दारावर रोज वाद होतील. दुपारी कॉलेजची मुले येऊ शकतात, फॉर्म भरणे व छपाईचे काम होऊ शकते. झेरॉक्सचे दुकान गेल्यापासून आपल्याच पालकांची गैरसोय होत आहे. उधारीची वही नाही, हरणाऱ्याने पैसे द्यायचे नाहीत, दर्शनी भाग काचेचा आणि त्यावर पडदा नाही. करार अकरा महिन्यांचा. एकदा अट मोडली तर लेखी समज, दुसऱ्यांदा गाळा परत.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवल्याचा दंड पालकांना होता. त्यामुळे पालकहो, एक काम आपल्याकडेही येते. मुलाला आठवड्याचे किती पैसे देतो आणि ते कुठे जातात, याची चौकशी गेम सेंटरवाल्याने करायची नसते. आणि विद्यार्थी मित्रांनो, सेंटर निघाले तर त्याला चालवणारा तुमच्यासारखाच याच बाकांवर बसलेला दादा आहे. त्याला ‘आज एकच दिवस’ म्हणून गळ घालाल तेव्हा त्याचा गाळा पणाला लावत आहात, हे ध्यानात असू द्या.

आमच्यातही एकमत झालेले नाही हे सांगितले पाहिजे. आमच्यापैकी एकीचे म्हणणे, अटी कागदावर राहतात आणि सहा महिन्यांनी कोणी पाहत नाही. त्या म्हणतात, गाळ्यात वाचनालय काढा. आम्ही विचारले, भाडे कोण देणार? त्या म्हणाल्या, सहा हजार सोडायची तयारी आहे तर बारा सोडा. याला आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते.

विश्वस्त मंडळाची सभा पुढच्या शनिवारी आहे. ज्या पालकांना म्हणणे मांडायचे आहे त्यांनी ते लेखी स्वरूपात शुक्रवारपर्यंत कार्यालयात द्यावे. अर्जासोबतचा गाळ्याचा नकाशा तेथेच पाहावयास ठेवला आहे. त्यात मागचे दार अजून दाखवलेले नाही.