‘जगातलं सर्वांत मोठं’ जाळं विणणारे कोळी नव्या जातीचे नाहीत, मग त्यांची एवढी चर्चा का?

अंधारी गुहा, भिंतीवर गोधडीसारखं पसरलेलं जाळं आणि त्यावर हजारो कोळी. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा व्हिडिओ जगभर फिरला. पाहणाऱ्याला वाटावं, कोळ्याची एखादी भयंकर नवी जात सापडली. प्रत्यक्षात तसं नाही.

काय सापडलं?

ग्रीस आणि अल्बेनियाच्या सीमेवर ‘सल्फर केव्ह’ नावाची गुहा आहे. २०२२ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या गुहा अभ्यासकांना तिथे हे जाळं दिसलं. त्यावरचा संशोधकांचा अभ्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘सबटेरेनियन बायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जाळ्याचा पसारा सुमारे १०६ चौरस मीटर, म्हणजे ऐसपैस टू बीएचके फ्लॅटएवढा. पण हे एकच जाळं नाही. नरसाळ्याच्या आकाराची हजारो छोटी जाळी एकमेकांत गुंतली आहेत. अंदाजे १ लाख ११ हजार कोळ्यांपैकी ६९ हजार ‘टेगेनेरिया डोमेस्टिका’ आणि ४२ हजार ‘प्रिनेरिगोन वेगन्स’ जातीचे आहेत. यातला पहिला तर युरोपातल्या घरांच्या कोपऱ्यात दिसणारा साधा कोळी.

मग विशेष काय?

दोन्ही जाती एरवी एकेकट्या राहतात. बाहेर गाठ पडली, तर मोठा टेगेनेरिया छोट्याला खाऊनही टाकेल. इथे मात्र दोघे शेजारी नांदतात. अंधारात नजर कमी पडत असल्यामुळे हल्ले होत नसावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

दुसरं कारण म्हणजे मुबलक अन्न. गुहेतल्या पाण्यात गंधकाची संयुगं आहेत. त्यांपासून ऊर्जा मिळवणारे जीवाणू भिंतींवर आणि पाण्यात बुळबुळीत थर तयार करतात. तो थर न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या खातात आणि चिलटं कोळ्यांच्या जाळ्यात अडकतात. या अन्नसाखळीचा पाया सूर्यप्रकाश नाही, गंधक आहे.

गुहेत राहतो तो गुहेचाच कोळी?

नाही. गुहेतल्या प्राण्यांचे ढोबळ तीन गट मानले जातात: येऊन-जाऊन राहणारे, आत-बाहेर दोन्हीकडे जगू शकणारे आणि गुहेबाहेर जगूच न शकणारे.

तिसऱ्या गटाचं उदाहरण हवाईतल्या कवाई बेटावर आहे. १९७३ मध्ये नोंदवलेला तिथला ‘केव्ह वुल्फ स्पायडर’ मोठ्या डोळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कुळातला, पण त्याला डोळेच नाहीत. लाव्हामुळे तयार झालेल्या मोजक्या गुहांमध्येच तो आढळतो. २००० मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त जाहीर केलं.

सल्फर केव्हमधले कोळी दुसऱ्या गटातले. मात्र त्यांचा डीएनए बाहेरच्या भाईबंदांपेक्षा वेगळा निघाला आहे. आतड्यातल्या जीवाणूंची विविधताही कमी आहे. म्हणजे जात तीच असली, तरी गुहेतली वस्ती वेगळ्या वाटेला लागली आहे.

धोका कुठे आहे?

‘साधाच तर कोळी आहे, सगळीकडे सापडतो’ असं म्हणून या वस्तीकडे दुर्लक्ष होऊ शकतं. शिवाय गुहा दोन देशांच्या सीमेवर असल्यामुळे संरक्षण सोपं नाही. ते व्हायला हवं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. कारण ही जात जगात इतरत्र टिकेल, पण हजारोंच्या संख्येने एकत्र राहायला लागलेली तिची ही वस्ती एकदा उद्ध्वस्त झाली, तर ती बाहेरून कोळी आणून पुन्हा उभी करता येणार नाही.