ओलं मीठ आणि समुद्रतळाचा हिशेब

पावसाळा आला की बरणीतलं जाडं मीठ ओलं होतं. मग त्यात तांदळाचे चार दाणे टाका, बरणी गॅसजवळ सरकवा, असे घरोघरचे उपाय सुरू होतात. शुद्ध मीठ काही इतक्या लवकर पाझरत नाही. हवेतला ओलावा ओढून घेतं ते त्यात राहून गेलेलं मॅग्नेशियम क्लोराइड. तुम्ही तुतीकोरिनला असा किंवा मुंबई-रायगडच्या बाजूला, मिठागरात मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात उरणारं पाणी चाखून बघा. ते कडवट लागतं, तेही मुख्यतः याच मॅग्नेशियममुळे.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. ते येतं कुठून, हे सोपं आहे. पाऊस खडक झिजवतो आणि नद्या त्यातले क्षार समुद्रात नेतात. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, यात तर मॅग्नेशियम भरपूर. कृष्णा-गोदावरी ते रोज थोडं थोडं वाहून नेतात.

आता हिशेब करा. जगभरच्या नद्या जेवढं मॅग्नेशियम आणतात, त्या वेगाने आज समुद्रात असलेला साठा भरायला एक-सव्वा कोटी वर्षं पुरतात. समुद्र तर अब्जावधी वर्षांचा आहे. मग तो मॅग्नेशियमने कधीच भरून जायला हवा होता. तसं झालेलं नाही, म्हणजे ते कुठेतरी जात असणार. पण कुठे? समुद्राचं रसायन अभ्यासणाऱ्यांना हा प्रश्न बरीच वर्षं छळत होता. जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू चोख आणि खर्चाचं पान जवळजवळ कोरं, असा तो प्रकार होता.

1977 साली अमेरिकन शास्त्रज्ञांची एक मोहीम पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांजवळ गेली. तिथे समुद्राचा तळ फाकतो आहे आणि खालून नवा बेसाल्ट वर येतो आहे. असं असेल तर तिथे गरम पाण्याचे झरे असायला हवेत, असा अंदाज होता. ‘अल्विन’ ही तीन माणसांची पाणबुडी सुमारे अडीच किलोमीटर खाली गेली आणि झरे सापडले. आपल्या वज्रेश्वरी किंवा मणिकरणसारखी वाफ मात्र तिथे नव्हती. आसपासचं पाणी 2 अंश सेल्सिअस आणि झऱ्याचं फार तर 17, म्हणजे कोमटही नाही. पण भोवती मोठमोठे शिंपले आणि नळीत राहणारे लांबलचक किडे यांची दाटी होती. मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण तिथे जीव असतील असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं! नमुने टिकवायला रसायन पुरेना, तेव्हा काही प्राणी पनामात घेतलेल्या व्होडकात बुडवून आणले.

बातम्या झाल्या त्या किड्यांच्या, आणि ते साहजिकच आहे. पण माझं मन रमतं ते बाटल्यांतल्या पाण्यात. जहाजावर पहिली बाटली उघडली तेव्हा सडक्या अंड्यांचा वास सुटला. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास. समुद्राचं पाणी तप्त खडकातून फिरून आलं आहे, याची ती पावतीच होती.

मोहिमेवरचे भूरसायनशास्त्रज्ञ जॉन एडमंड यांनी या पाण्याचं मोजमाप केलं. दर नमुन्यात गरम पाणी कमी आणि भोवतालचं थंड पाणी जास्त मिसळलेलं होतं. म्हणून त्यांनी तापमान आणि मॅग्नेशियम यांचा आलेख काढला. पाणी जितकं गरम, तितकं मॅग्नेशियम कमी. ही रेघ तशीच पुढे वाढवली, तर सुमारे 350 अंशांना मॅग्नेशियम शून्यावर येत होतं. म्हणजे तळाखाली कुठेतरी इतकं तप्त पाणी असणार आणि त्यातलं सगळं मॅग्नेशियम खडकाने काढून घेतलेलं असणार.

1979 मध्ये मेक्सिकोजवळच्या समुद्रात अल्विनला खरोखर तसे झरे सापडले. दगडी धुराड्यांतून काळंकुट्ट पाणी उसळत होतं. त्यात घातलेल्या तापमापीची प्लॅस्टिकची दांडी वितळली. वर अडीच किलोमीटर पाण्याचा दाब असल्यामुळे एवढं तापूनही ते पाणी उकळत नव्हतं. एडमंड यांची विद्यार्थिनी कॅरन व्हॉन डॅम हिने पुढे त्या पाण्याचं बारकाईने विश्लेषण केलं. मूळ तप्त पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ नव्हतंच.

मला गंमत वाटते ती खडकाची. सह्याद्रीत पावसाखाली भिजणारा बेसाल्ट मॅग्नेशियम देऊन टाकतो. समुद्राखाली तापलेला बेसाल्ट तेच परत घेतो आणि हिरवट, मातीसारख्या खनिजांत बांधून ठेवतो. बदल्यात पाण्याला कॅल्शियम, लोह, मँगनीज देतो. झऱ्यांचा यातला नेमका वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद आजही चालू आहे. पण खर्चाचं पान आता कोरं नाही.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. झऱ्याचं काळं पाणी थंड होताना तांबं, जस्त, थोडं सोनं-चांदी तळाशी साचतं. हिंदी महासागरात अशा साठ्यांचा शोध घेण्यासाठी भारताने 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी 10,000 चौरस किलोमीटर क्षेत्राचा करार केला. 2025 मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठी आणखी एक झाला. शोध पुन्हा रसायनाच्याच वाटेने होतो. समुद्रात बाटल्या सोडायच्या आणि पाण्यात मँगनीज किंवा मिथेन कुठे वाढलंय ते पाहायचं. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सुमारे 4,500 मीटर खोलीवरच्या एका जिवंत झऱ्याची छायाचित्रं मिळवली.

करार सध्या शोधापुरते आहेत, खोदण्याचे नाहीत. खोदायची वेळ आलीच, तर थंड पडलेली धुराडी आणि वाहते झरे यांना एकाच मापाने मोजू नये, असं मला ठामपणे वाटतं. कारण याच महासागरातल्या काही झऱ्यांवर एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर खवले असतात आणि त्यांवर लोह सल्फाइडचा काळा थर. खाणकामाचा धोका ओळखून 2019 मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत झाली. तिची एक वस्ती अशा झऱ्यावर आहे, जिथल्या पाण्यात लोह कमी आहे. तिथल्या गोगलगाई पांढऱ्या आहेत.