आत्या, हा मंत्र वाच ना!

मुलांनो,

दिवाळीच्या सुट्टीत भावाकडे गेले होते. दुपारी बघते तर काय, भाचा आणि त्याचे तीन मित्र सतरंजीवर पालथे पडलेले. मध्ये कागद, पेन्सिली आणि फासे. फासे ल्युडोचे नव्हेत बरं का! एकाला तर चक्क वीस बाजू! "आत्या, तू पण बस," भाचा म्हणाला. मला काय, निमित्तच हवं होतं!

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. १९७४ साली तो पहिल्यांदा बाजारात आला. यात एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. काय करायचं ते आपण बोलायचं आणि अवघड काही असलं की जमलं का नाही ते फासा ठरवतो.

त्या दुपारी गुहेतल्या राक्षसाने योद्ध्याला आडवं केलं. आता नियम असा, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. आधी तीन यशं मिळाली तर जीव वाचतो. पडले ७, १४, ४ आणि ९. तीन अपयशं. संपलं!

ज्याचा तो योद्धा होता, तो मुलगा एकदम गप्प झाला. योद्ध्याचं नाव त्याने 'आबा' ठेवलं होतं.

"काळजी नको, मी उठवतो त्याला!" जादूगार झालेला भाचा ओरडला. "ॲनिमेट डेड! आत्या, हा मंत्र वाच ना!"

मी २०१४ सालचं नियमांचं पुस्तक उघडलं. साहित्य वाचूनच अंगावर काटा आला. रक्ताचा थेंब, मांसाचा तुकडा, चिमूटभर हाडांची भुकटी. एक मिनिट मंत्र चालला की प्रेत उठून उभं राहतं. पण कसं? झॉम्बी होऊन. म्हणजे चालतं प्रेत. चोवीस तास ते जादूगाराचं ऐकतं. मुदत संपायच्या आत मंत्र पुन्हा म्हटला नाही, तर ते कुणाचंच ऐकत नाही.

पंचतंत्रातली गोष्ट आठवली का? चार मित्रांना रानात हाडं सापडतात. एक हाडं जुळवतो, दुसरा मांस-कातडं चढवतो, तिसरा प्राण फुंकतो. चौथा बिचारा आधीच झाडावर चढतो. आणि उठतो कोण? सिंह! पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

"पण तो आबा असेल का?" त्या मुलाने हळूच विचारलं.

"नाही रे. नुसतं शरीर चालेल," सूत्रधार म्हणाला. "खरं परत आणायचे मंत्र वेगळे असतात."

मी पानं उलटली. 'रेझ डेड'ला ५०० मोहरांचा हिरा लागतो आणि मरून दहा दिवसांहून जास्त झालेले चालत नाहीत. शिवाय मेलेल्याच्या आत्म्याची यायची इच्छा हवी. सगळ्यात मोठा मंत्र 'ट्रू रेझरेक्शन'. २५,००० मोहरांचे हिरे मोजले, की दोनशे वर्षांपूर्वी मेलेलाही परत येतो. फक्त एक अट. म्हातारपणाने गेलेला माणूस मात्र येत नाही.

"त्यालासुद्धा नाही?" मुलाने विचारलं.

"नाही रे बाळा."

तो थोडा वेळ फासा हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "मंत्र नको. आपण आबाला पुरू या."

खेळातच एका वडाखाली त्यांनी योद्ध्याला पुरलं. प्रत्येकाने त्याची एकेक आठवण सांगायची ठरलं. राक्षस, गुहा, तलवार असं सगळं झालं. शेवटी तो मुलगा बोलायला लागला. आबा सायकलवर पुढे बसवायचे, पेरूला मीठ लावून द्यायचे, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे. हे काही योद्ध्याबद्दल नव्हतं, पण कुणीच त्याला अडवलं नाही. त्याचे आजोबा पावसाळ्यात गेले, हे वहिनीने मला रात्री सांगितलं. घरी तो एकदाही रडला नव्हता म्हणे.

पालकांनो, मुलांच्या खेळात मंत्र नि भुतं दिसली की आपण पटकन रागावतो. कधीतरी शेजारी बसून नुसतं ऐकून बघा.

आणि मुलांनो, तुमचे आजी-आजोबा असतील तर या रविवारी त्यांच्या लहानपणची एक गोष्ट विचारा आणि वहीत लिहा. नसतील तर आईबाबांना विचारा. लिहाल ना?

तुमच्याच,
बाई