कंपनीचा ताळेबंद कोण वाचणार?

परवा आमच्या महाविद्यालयातून बी.कॉम. झालेला एक विद्यार्थी घरी आला होता. वित्तीय विश्लेषण हा विषय घेऊन पदव्युत्तर पदवी मिळवावी, अशी त्याची इच्छा. त्यासाठी पुण्याला जावे की नागपूरला, एवढेच त्याला विचारायचे होते. जाता जाता संकोचाने तो म्हणाला, “सर, बाबा विचारतात, हे शिकून आलापल्लीत करणार काय?”

बापाचा प्रश्न रास्त आहे. तो एका घरापुरता नाही, म्हणून त्याचा येथे जाहीर विचार करणे अगत्याचे वाटते.

वित्तीय विश्लेषण म्हणजे शेअरचे भाव वर्तविण्याची विद्या, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वस्तुतः ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि रोख रकमेची आवकजावक या तीन कागदांवरून एखाद्या संस्थेची खरी प्रकृती ओळखणे, हे या शास्त्राचे काम होय. नफा दिसतो, पण रोकड का नाही? मालमत्ता वाढली, पण ती स्वतःच्या पैशावर की कर्जाच्या? असे प्रश्न विचारण्याची शिस्त ते लावते.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठाला एम.ए.साठी प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. कंपनीची सत्ता १८५८ मध्ये गेली. तिच्या कर्जाचा बोजा मात्र हिंदी करदात्याच्या माथी राहिला. पारतंत्र्यातील एका विद्यार्थ्याने पदव्युत्तर अभ्यासासाठी राज्यकर्त्या कंपनीचाच हिशेब हाती घ्यावा, यातच या विद्येचे मर्म आहे.

त्याआधी १९०२ मध्ये नामदार गोखल्यांनी अंदाजपत्रकावरील आपल्या भाषणात सरकारच्या शिलकीचा फुगा फोडला होता. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या देशात सरकारी तिजोरीत शिल्लक उरते, ती समृद्धीची खूण नसून जड करांचे फळ आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक. त्यांना आकडेवारी पुरविणारे गणेश व्यंकटेश जोशी हे हायस्कूलचे मुख्याध्यापक. शिक्षकांनी हे विसरू नये.

आता आलापल्लीकडे पाहू. सुरजागडच्या पहाडातील लोहखनिज घेऊन जाणारे ट्रक याच गावावरून आष्टीकडे जातात. तेथील सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीला २००७ मध्ये मिळाला. २०२३ मध्ये उत्खननाची परवानगी वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिचा वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतो. लोहखनिजावरील स्वामित्वधन सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के आहे. २०१५ पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांच्या बाबतीत त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के एवढी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा करावी लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे १५ रुपये सरकारला आणि साडेचार रुपये जिल्ह्याला. हा हिशेब पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही मांडू शकेल. ट्रक मोजणारे मात्र गावोगाव भेटतात आणि अहवाल उघडून पाहणारा एकही भेटत नाही.

यात कोणाविषयी संशय नाही. हिशेब न वाचण्याची किंमत काय असते, हे या भागाने पाहिलेले आहे, एवढेच म्हणायचे आहे. येथील जंगलांतला बांबू अनेक दशके बल्लारपूरच्या कागद कारखान्याला गेला. त्या कंपनीने २००७ मध्ये मलेशियातील एक मोठा उद्योग विकत घेतला. पुढे कर्ज वाढत गेले आणि २०२० मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. वाढते कर्ज वर्षानुवर्षे ताळेबंदात छापले जात होते. ज्यांचे पोट त्या कारखान्यावर होते, त्यांच्यापर्यंत ते कोणी पोहोचविले नाही.

आणि आता तर हिशेब गावाच्या स्वतःच्या हाती आला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. आज अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीमागे सत्तर हजार पाने मजुराच्या हातून जातात. ज्या ठेकेदाराने सर्वांत चढा भाव बोलला, त्याची पत तेवढी आहे काय, आगाऊ किती घ्यावे, बँक हमी कितीची मागावी, हा वित्तीय विश्लेषणाचाच प्रश्न आहे. तो चुकला तर मे महिन्यातील उन्हातले श्रम उधारीत जातात.

मुलांना नोकरी हवी, ग्रामसभेच्या वह्या तपासून पोट भरेल काय, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु मुंबईच्या कंपनीचा ताळेबंद वाचण्याची रीत आणि सुरजागडच्या कंपनीचा वाचण्याची रीत एकच आहे. जवळच्या उदाहरणावर जो शिकला, तो दूरच्या नोकरीत कमी पडत नाही. मात्र परक्या उदाहरणांवरच शिकलेल्याला आपल्या गावाचा हिशेब आपला वाटत नाही.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक स्थानिक हिशेब, मग तो ग्रामसभेचा असो, खनिज प्रतिष्ठानचा असो वा कंपनीचा, तपासून त्यावर मराठीत निबंध लिहावा आणि तो त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा, एवढा नियम विद्यापीठाने करावा. त्याला नवी इमारत लागत नाही.

हिशेब वाचल्याने न्याय आपोआप मिळत नाही, हे खरे. पण न वाचलेल्या हिशेबावर न्याय मागताही येत नाही. त्या विद्यार्थ्याला मी पुण्याला जाण्याचाच सल्ला दिला. परत येण्याचे वचन मात्र त्याच्याकडून मागितले नाही. कारण तो परतला, तर त्याला बसायला येथे एक टेबल हवे, आणि ते मांडण्याचे काम आपले आहे.