विंडोज १० बंद, म्हणून लॅपटॉप भंगार नव्हे!

'विंडोज १० बंद झाले, आता नवा लॅपटॉपच घ्या,' हा सल्ला सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतो. तो अर्धाच खरा आहे. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. संगणक त्यामुळे बंद पडत नाही; पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटी बुजवल्या जात नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे!

मग विंडोज ११ का टाकत नाहीत? त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे इथेच अडतात.

तरी पर्याय आहेत. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणीची सोय कंपनीने वर्षभरासाठी दिली. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या मोफत प्रणालींवर इंटरनेट, मराठी टायपिंग, मुलांचा अभ्यास चालतो. हिशेबाचे एखादे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर मात्र नव्या यंत्राचा खर्च पटतो.

म्हणून बर्डीवर जाताना बजेट नंतर सांगा. संगणकावर रोज काय काम करता, ते आधी सांगा. दुकानदारानेही पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.