काडतुसांची टंचाई कुणाला भोवते?

१४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या न्यूटाउन गावात, सँडी हुक शाळेत, एका तरुणाने २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे गोळ्या घालून मारली. १६ जानेवारी २०१३ ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी बंदुकांवरच्या निर्बंधांचा प्रस्ताव मांडला आणि बंदीच्या धास्तीने खरेदी वाढल्यामुळे त्याच महिन्यात वॉलमार्टला एका गिऱ्हाइकाला दिवसाला काडतुसांची तीनच खोकी, असा नियम करावा लागला. १७ एप्रिलला बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची व्याप्ती वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये ५४ मते मिळूनही पडली, कारण ६० हवी होती. कायदा झालाच नाही. टंचाई मात्र पुढे महिनोन्‌महिने राहिली.

तीही सगळ्यात जास्त कुठे, तर .२२ च्या गोळीत. आपल्याकडचे नेमबाज जिला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात ती ही गोळी आकाराने छोटी, धक्का जवळजवळ नाही आणि किमतीला सगळ्यांत हलकी. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते हिच्यावरच. अमेरिकेत आजोबा नातवाला पहिल्यांदा नेम धरायला शिकवतात तेही हिच्यावर. पन्नास गोळ्यांचे एक खोके आणि अशी दहा खोकी मिळून पाचशेची ‘ब्रिक’. ओबामांच्या प्रस्तावाचा रोख होता लष्करी धाटणीच्या रायफली, दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन आणि चिलखत भेदणाऱ्या गोळ्या यांच्यावर. .२२ च्या गोळीवर बंदी घालण्याचा त्यात शब्दही नव्हता. तरी तीच फळीवरून गेली आणि पुढची काही वर्षे धड परत आली नाही.

साठा करणाऱ्याला माथेफिरू ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांच्या संपामुळे महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा त्या रांगांत टाकीत पुरेसे पेट्रोल असलेली माणसेही उभी होतीच. उद्याची खात्री नसेल तर आज घेऊन ठेवण्यात त्या एकट्या माणसाचे काही चुकत नाही. फरक असा, की गाडीची टाकी भरली की रांग सरते. काडतूस कोरड्या जागी ठेवले तर कित्येक दशके टिकते, त्यामुळे गॅरेजमधल्या साठ्याला वरची मर्यादाच नाही.

त्यात अफवांची भर पडते. २०१३ मध्ये गृहसुरक्षा खाते १६० कोटी गोळ्या विकत घेऊन बाजार मुद्दाम रिकामा करत आहे, असे लाखो लोक मानत होते. तो आकडा अनेक वर्षांच्या कंत्राटांत दिलेल्या कमाल मर्यादांची बेरीज होती. अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी संस्थेने जानेवारी २०१४ च्या अहवालात दाखवले, की या खात्याची खरेदी २००९ नंतर उलट घटत गेली होती. पण तोवर खोकी घरोघरी पोचली होती.

मग कारखाने उत्पादन का वाढवत नाहीत? काडतुसाचे भाग चार: पितळी कवच, बारूद, पुढची गोळी आणि बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर. अडते ते या प्रायमरपाशी. त्यातले स्फोटक मिश्रण सुकले की जराशा धक्क्यानेही पेटते, म्हणून ते ओले असतानाच भरावे लागते आणि त्यासाठी हात बसलेला कामगार लागतो. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावे चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. नवी यंत्ररांग उभारायला वर्षे जातात आणि ती उभी राहीपर्यंत भीती ओसरलेली असते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन निवडून येतील या धास्तीने लोकांनी खरेदी केली. निवडून आले ट्रम्प, मागणी घसरली आणि मार्च २०१८ मध्ये रेमिंग्टनने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुलै २०२० मध्ये, देशात काडतुसांचा दुष्काळ पडलेला असताना, तिने तो दुसऱ्यांदा केला. हे पाहिलेला कारखानदार तात्पुरत्या झुंबडीसाठी भांडवल गुंतवणार नाही, यात मला तरी त्याचा दोष दिसत नाही.

२०२० मध्ये एफबीआयकडे बंदूक खरेदीशी संबंधित तपासण्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. आदल्या वर्षी त्या २ कोटी ८४ लाख होत्या. एक तपासणी म्हणजे एक विक्री असे नसते, पण कल स्पष्ट आहे. बंदूक उद्योगाच्या संघटनेचा अंदाज असा, की त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. हा आकडा उद्योगाचा स्वतःचा आहे, हे लक्षात ठेवूनच घ्यावा. तरी प्रत्येकाने पन्नासची दोनच खोकी घेतली असे धरले, तर ८४ कोटी गोळ्या होतात.

बंदुकांना विरोध करणाऱ्यांपैकी काहींना वाटते, टंचाई आहे ते बरेच आहे. गोळ्या कमी तर मृत्यू कमी. मी स्वतः कडक तपासणीच्या बाजूचा आहे, पण हे मला पटत नाही. त्याच २०२० साली अमेरिकेत बंदुकीने ४५,२२२ माणसे गेली, तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. त्यांतल्या २४,२९२ आत्महत्या होत्या. टंचाईमुळे मृत्यू वाढले असे मी म्हणत नाही. पण या मृत्यूंना साठा लागत नाही, घरातले पहिले खोकेच पुरते. टंचाई त्या खोक्याला हात लावत नाही आणि गॅरेजमधल्या पाच हजार गोळ्यांनाही नाही. ती अडवते ती सरावाला. पहिली बंदूक घेतलेला माणूस तीत गोळ्या भरतो, ती उशाशी ठेवतो आणि चालवायला शिकण्यासाठी गोळ्या शोधत फिरतो. न शिकलेल्या हातातली बंदूक शिकलेल्या हातातल्या बंदुकीपेक्षा सुरक्षित असते, असे कोण म्हणेल?

दुसरी बाजू म्हणते, किंमत वाढू द्या, बाजार आपोआप ताळ्यावर येईल. किमती वाढल्याच. नऊ मिलिमीटरची गोळी कोरोनाच्या साथीच्या आधी वीस सेंटच्या आसपास होती, ती २०२१ च्या सुरुवातीला तिपटी-चौपटीने विकली जात होती. चढ्या किमतीने काहींनी हात आखडला हे खरे. पण त्याच किमतीने चारचार खोकी उचलून दामदुप्पट विकणारेही तयार केले. विक्रीवर ११ टक्के केंद्रीय कर असतो आणि १९३७ च्या कायद्याने तो वन्यजीव संरक्षणाला जातो, त्यामुळे हरणांची आणि पाणथळ जागांची सोय झाली. तेवढी एक गोष्ट मी या झुंबडीच्या जमेला धरतो.

आपल्याकडे परवान्यावरच लिहिलेले असते, वर्षाला किती काडतुसे घेता येतील आणि एका वेळी किती बाळगता येतील. अमेरिकेत असा नियम आणावा का? तो नुसता सुचवला तरी दुसऱ्या दिवशी दुकाने रिकामी होतील. न्यूयॉर्क राज्याने याचा विचार केला होता. जानेवारी २०१३ मध्ये तिथला बंदूक कायदा नेहमीची तीन दिवसांची मुदत बाजूला सारून एका दिवसात मंजूर झाला. उशीर केला तर खरेदीला गर्दी लोटेल, हे घाईचे एक कारण होते. ते कारण खोटे नव्हते. पण आमदारांना मसुदा नीट वाचायलाही सवड मिळाली नाही आणि अनेक शेरीफ त्या कायद्याविरुद्ध उभे राहिले. वॉशिंग्टनमधली तीन महिन्यांची टांगणी आणि न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीतली, ऑल्बनीतली, एका दिवसाची घाई यांत निवड करायचीच झाली, तर टांगणीचा तोटा सोसूनही मी चर्चेच्या बाजूने राहीन. कारण लोकांना न विचारता केलेला कायदा पुढची भीती आणखी वाढवतो.

मधल्या काळात दुकानदाराच्या हातात काही आहे. माणशी मर्यादा हा त्यांतला जुना उपाय. त्याहून उपयोगी वाटला तो काही नेमबाजी केंद्रांचा रिवाज: गोळ्या घ्या, पण इथेच झाडा, घरी न्यायच्या नाहीत. काही दुकानांनी नवी बंदूक घेणाऱ्यासाठी थोडी खोकी राखून ठेवली. माझ्या मते ती खोकी बंदुकीबरोबर न देता प्रशिक्षणाच्या वर्गात, शिकवणाऱ्याच्या देखत द्यावीत.