गंजाने फोडलेले गुपित

मुलांनो, घरात पत्र्याची जुनी बादली असेल तर जरा निरखून पाहा. पत्रा लोखंडाचा, तरी लवकर गंजत नाही. का बरं? त्यावर जस्ताचा मुलामा असतो म्हणून. चला, आज या जस्ताच्या जन्मगावी जाऊ या.

हे गाव राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यात आहे. नाव रामपुरा आगुचा. सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता! तळाच्या भेगांतून खारट, ऊन ऊन पाणी वर येई. त्यात जस्त, शिसे, लोखंड विरघळलेले असे. तळाच्या काळ्या गाळात त्यांची गंधकाशी गट्टी जमली आणि सल्फाइड खनिजे साचली. जस्ताचे स्फॅलेराइट, शिशाचे गॅलेना, लोखंडाचे पायराइट.

पुढे हा गाळ जमिनीत खोल गाडला गेला. वरून प्रचंड दाब आणि उष्णता ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास! चुनखडकाचा संगमरवर होतो ना, तसाच या चिखलाचा अभ्रकाने चमकणारा रूपांतरित खडक झाला. गाळातल्या मेलेल्या जीवांच्या कार्बनचे ग्रॅफाइट बनले. हो, तुमच्या पेन्सिलीतलेच! खनिजांचे बारीक कण वाढून टपोरे झाले. मऊ गॅलेना तर दाबाने सरकून फटींत जाऊन बसले.

मग हा खजिना सापडला कसा? गंजामुळे! हवा-पाणी लागले की सल्फाइडातल्या गंधकाचे आम्ल होते आणि ते वाहून जाते. लोखंडाचा तांबूस गंज मात्र वर टोपीसारखा उरतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोकांनी इथे खाणी खणल्या होत्या. पुढे त्यांचा विसर पडला. १९७७ साली भूवैज्ञानिकांनी ही टोपी आणि जुन्या खाणकामाच्या खुणा हेरल्या. आज ही जगातल्या मोठ्या जस्त-खाणींपैकी एक आहे.

पण एक ध्यानात ठेवा. खाणीबाहेर टाकलेल्या सल्फाइडयुक्त दगडांतूनही असेच आम्ल पाझरू शकते. ते ओढ्या-विहिरींत गेले तर पाणी नासते. म्हणून खनिज काढण्याइतकीच त्या ढिगाऱ्यांची काळजी घेणे महत्त्वाचे.

आणि गंमत पाहा, गंजाने ज्याचा पत्ता सांगितला, तेच जस्त तुमच्या बादलीला गंजापासून वाचवते! आता सहलीला जाल तेव्हा फक्त चकाकणारे दगड गोळा करू नका. तांबड्या दगडापाशीही थांबा. प्रत्येकाखाली खजिना नसतो. कोकणातला जांभाही तांबडाच की! पण ‘हा तांबडा का झाला?’ एवढे विचारायला काय हरकत आहे?